मिग-२१ चं मेटल मॉडेल घेताय? आधी कॅल्क्युलेटर उघडा

फोनवर "मिग-२१ मेटल मॉडेल" असं शोधलं की एकाच नावाच्या वस्तू काहीशे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढपर्यंत दिसतात. फोटो जवळपास सारखेच. शब्दही तेच: डाय-कास्ट, १:७२, लिमिटेड एडिशन, हेवी मेटल. मग फरक नेमका कशाचा? आणि वस्तू हातात न घेता, पैसे देण्याआधी, तो ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. त्यासाठी लागतं ते शाळेतलं गुणोत्तर, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि मॉडेल कसं बनतं याची थोडी माहिती. या लेखात आपण मिग-२१ हेच उदाहरण धरून सगळं समजून घेऊ. हीच पद्धत तेजस, सुखोई किंवा एफ-१४ ला सुद्धा लागू होते.

मिग-२१ च का?

१९६३ मध्ये भारतीय हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडमध्ये निवृत्त झालं. म्हणजे साठ वर्षांहून जास्त सेवा. आपल्यासाठी त्याचं नातं आणखी जवळचं आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा जो कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बनवण्यासाठीच. तिथे या विमानाचे एफएल, एम आणि बिस असे प्रकार तयार झाले. त्या भागात अशी अनेक घरं आहेत जिथे आजोबा किंवा काका "मिगच्या कारखान्यात" होते.

त्यामुळे या विमानाचं मॉडेल घेणारे सगळेच काही हौशी कलेक्टर नसतात. कुणाला वडिलांना भेट द्यायची असते, कुणाला त्यांच्या स्क्वाड्रनची आठवण ठेवायची असते. अशा वेळी घरी आलेली वस्तू भलत्याच मापाची किंवा भलत्याच विमानाची निघाली की वाईट फक्त पैशांचं वाटत नाही.

डाय-कास्ट म्हणजे नेमकं काय?

डाय म्हणजे पोलादी साचा. कास्ट म्हणजे ओतीव. पोलादाच्या दोन भागांच्या साच्यात वितळलेला धातू जोराने दाबून भरायचा, तो थंड झाला की साचा उघडून भाग बाहेर काढायचा. एका भागाला काही सेकंद लागतात. मग पुढचा. इडलीपात्र डोळ्यांसमोर आणलंत तरी चालेल, फक्त इथे पीठ प्रेशरने आत जातं.

यात धातू कोणता? "मेटल" म्हटल्यावर खऱ्या विमानासारखं अ‍ॅल्युमिनियम असेल असं वाटतं. तसं नसतं. बहुतेक डाय-कास्ट मॉडेलं झॅमॅक नावाच्या मिश्रधातूची असतात. हे नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय: झिंक, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कुप्फर म्हणजे तांबं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये हा मिश्रधातूंचा गट तयार केला. त्यातल्या झॅमॅक-३ मध्ये सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं आणि बाकी जवळजवळ सगळं जस्त.

जस्तच का? झॅमॅक-३ साधारण ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमला ६६० अंश लागतात. तापमान कमी म्हणजे वीज कमी आणि पोलादी साचाही जास्त दिवस टिकतो. शिवाय वितळलेलं जस्त साच्यातल्या बारीक रेघांमध्ये छान शिरतं. म्हणून दाराच्या कड्या, चेनचे स्लायडर, खेळण्यातल्या गाड्या आणि आपलं विमान, सगळे एकाच धातुकुटुंबातले.

साच्यातून निघालेल्या भागाच्या कडेला धातूची पातळ पापडी उरते. ती काढायची, घासायचं, रंग द्यायचा. मग चिन्हं आणि नंबर छापायचे. हे छापकाम बहुतेक पॅड प्रिंटिंगने होतं: कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतो आणि गोलाकार पृष्ठभागावर टेकवतो. कंपनीचं नाव छापलेलं पेन तुमच्याकडे असेल तर ते बहुधा असंच छापलेलं आहे. शेवटी कॉकपिटची काच, चाकं, अँटेना, क्षेपणास्त्रं असे बारीक भाग जोडले जातात. हे बहुतेक प्लास्टिकचे असतात आणि जोडणी हाताने होते.

म्हणून "१०० टक्के मेटल" असा दावा वाचलात तर थोडं थांबा. चांगल्या डाय-कास्ट मॉडेलमध्ये प्लास्टिक असतंच. काच तर धातूची असू शकत नाही, आणि केसाएवढा अँटेना जस्तात ओतला तर तो एकतर जाडजूड दिसेल किंवा तुटेल.

१:७२ हा विचित्र आकडा आला कुठून?

आपण मीटर-सेंटिमीटरवाले. आपल्याला १:५० किंवा १:१०० सरळ वाटतं. ७२ हा फूट-इंचांचा आकडा आहे. ६ फूट म्हणजे ७२ इंच, म्हणजे मॉडेलवरचा १ इंच खऱ्या विमानावरचे ६ फूट. याच हिशेबाने १:४८ म्हणजे इंचाला ४ फूट आणि १:१४४ म्हणजे इंचाला १२ फूट.

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये हे स्केल रुळलं. तिथल्या फ्रॉग कंपनीने १९३६ पासून १:७२ मापाचे प्लास्टिक किट विकायला सुरुवात केली. पुढे महायुद्धात त्याला गंभीर काम मिळालं. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळांमधल्या मुलांकडून १:७२ मापाची पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना लांबून ओळखता यावं म्हणून.

यामागचं गणित सोपं आहे. १:७२ चं मॉडेल ३५ फुटांवर धरलं तर ते डोळ्याला तेवढंच दिसतं जेवढं खरं विमान ३५ × ७२ = २५२० फुटांवर, म्हणजे पाऊण किलोमीटरवर दिसेल. वर्गात बसून आकाशाचा सराव. पण हे जमायला माप बरोबर हवं. मॉडेल चुकीच्या मापाचं असेल तर अंतराचा अंदाज चुकणार.

स्केल म्हणजे बनवणाऱ्याने दिलेला शब्द असतो: याचं कुठलंही माप घ्या, ७२ ने गुणा, खऱ्या विमानाचं माप येईल. हा शब्द पाळलाय की नाही हे आपण तपासू शकतो.

पहिली तपासणी: माप

सूत्र एकच. खऱ्या विमानाचं माप सेंटिमीटरमध्ये घ्या आणि मॉडेलच्या मापाने भागा. येईल ते खरं स्केल.

१:७२ मध्ये काही विमानं किती मोठी असायला हवीत ते बघा:

- मिग-२१ बिस: पंखांची रुंदी ७.१५ मीटर, मॉडेल ९.९ सेंमी. लांबी १४.७ मीटर, मॉडेल २०.४ सेंमी.
- तेजस: रुंदी ८.२ मीटर, मॉडेल ११.४ सेंमी. लांबी १३.२ मीटर, मॉडेल १८.३ सेंमी.
- सुखोई-३० एमकेआय: रुंदी १४.७ मीटर, मॉडेल २०.४ सेंमी. लांबी २१.९४ मीटर, मॉडेल ३०.५ सेंमी.

गंमत बघा, सुखोईचे पंख मिग-२१ च्या लांबीएवढे आहेत. एकाच स्केलची दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली की हे एका नजरेत कळतं. एकच स्केल धरून कलेक्शन करण्यात खरी मजा ती हीच.

आता समजा एका लिस्टिंगवर लिहिलंय: "मिग-२१, १:७२, लांबी १५ सेंमी." कॅल्क्युलेटर उघडा. १४७० भागिले १५ म्हणजे ९८. म्हणजे हे मॉडेल १:७२ नाही, साधारण १:१०० आहे. १:१०० चं मॉडेल वाईट असतं असं मुळीच नाही. पण विक्रेत्याने एकतर न मोजता आकडा टाकलाय किंवा मुद्दाम टाकलाय. दोन्ही बाबतीत बाकीच्या दाव्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

एक बारकावा. मिग-२१ च्या नाकातून एक लांब नळी पुढे आलेली असते. ती पिटो नळी, हवेचा वेग मोजण्यासाठी. काही लोक लांबी तिच्यासकट मोजतात. तेव्हा १:७२ मध्ये ती सुमारे २१.९ सेंमी भरते. म्हणून मिग-२१ साठी पंखांची रुंदी विचारणं जास्त बरं, त्यात असा घोळ नाही. उलट एफ-१४ टॉमकॅटचे पंख उडताना मागेपुढे होतात, त्यामुळे रुंदी बदलते. तिथे लांबी मोजा.

दुसरी तपासणी: प्रमाण

लिस्टिंगवर माप दिलेलंच नसेल तर? तर वरून काढलेला फोटो शोधा. कुठल्याही स्केलमध्ये विमानाची लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण तेच राहतं. मिग-२१ साठी १४.७ भागिले ७.१५ म्हणजे साधारण २.०५. नळी सोडून लांबी ही पंखांच्या दुप्पट दिसायला हवी. तेजससाठी हे प्रमाण १.६ आणि सुखोई-३० साठी १.५ आहे.

फोनवर स्क्रीनशॉट घ्या, झूम करा, साध्या पट्टीने स्क्रीनवरच मोजा. थोडा फरक कॅमेऱ्याच्या कोनामुळे येतो, तेवढा सोडून द्या. पण दुपटीऐवजी दीडपट येत असेल तर ते विमान मिग-२१ सारखं दिसणारं खेळणं आहे. खेळणं म्हणून ते छान असेल, पण स्केल मॉडेल म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

"हातात घेतलं की जड लागतं" म्हणजे अस्सल?

कलेक्शनच्या जगातला हा सगळ्यात मोठा गैरसमज. रिव्ह्यूमध्ये पहिलं वाक्य हेच असतं: "वजन मस्त आहे, खरं वाटतं."

आता हिशेब करू. लांबी ७२ पट कमी झाली की आकारमान ७२ × ७२ × ७२ पट कमी होतं, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात. हा आकडा ३,७३,२४८. उड्डाणासाठी तयार मिग-२१ बिसचं वजन साधारण ८,७२५ किलो. त्याला भागा. उत्तर येतं सुमारे २३ ग्रॅम.

२३ ग्रॅम म्हणजे साधारण एक अल्कलाइन पेन्सिल सेल. स्केलशी वजनातही प्रामाणिक राहायचं ठरवलं तर १:७२ चं मिग-२१ इतकंच भरायला हवं. डाय-कास्ट मॉडेल याच्या कितीतरी पट जड असतं.

कारण दोन. एक, झॅमॅकची घनता पाण्याच्या साडेसहा पटींहून जास्त, तर अ‍ॅल्युमिनियमची २.७ पट. दुसरं कारण मोठं: खरं विमान आतून बरंचसं पोकळ असतं. त्याचा पत्रा काही मिलिमीटर जाड. १ मिमी पत्रा ७२ ने भागला तर ०.०१४ मिमी होतो. आपला झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी असतो. इतकं पातळ जस्त कुणी ओतू शकत नाही.

म्हणजे वजन हा हाताला मिळणारा आनंद आहे. तो घ्या, त्यात काही चूक नाही. पण तो अचूकतेचा पुरावा नाही. उलट धातूच्या मर्यादांमुळे अचूकता थोडी सुटतेच. पंखाची मागची कड १ मिमी जाड राहिली तर ती खऱ्या विमानावर ७.२ सेंमी होते. पत्र्यांमधल्या फटी खऱ्या मापाने कोरल्या तर दिसणारच नाहीत, म्हणून त्या मुद्दाम रुंद करतात. चांगला बनवणारा ही तडजोड बेताने करतो. स्वस्त मॉडेलमध्ये त्या रेघा शेतातल्या सऱ्यांसारख्या खोल दिसतात. फोटो झूम करून बघायची पहिली गोष्ट तीच.

एकच साचा, अनेक "स्किन"

तुम्ही मोबाइल गेम खेळत असाल तर हे लगेच कळेल. गेममध्ये बंदूक तीच असते, फक्त स्किन बदलते आणि किंमतही बदलते. मॉडेलच्या धंद्यात हेच चालतं.

पोलादी साचा बनवणं हा सगळ्यात महागडा टप्पा. समजा साच्यांच्या पूर्ण सेटला ४० लाख रुपये लागले. त्यातून १,००० मॉडेलं काढली तर प्रत्येकावर साच्याचा खर्च ४,००० रुपये. १०,००० काढली तर ४०० रुपये. हे आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेत, पण धंद्याची रचना अशीच असते. म्हणून कंपनी एकाच साच्यातून वर्षानुवर्षं मॉडेलं काढते: आज भारताचं मिग-२१, पुढच्या वर्षी पोलंडचं, मग इजिप्तचं. रंग वेगळा, नंबर वेगळा, बॉक्स वेगळा.

"लिमिटेड एडिशन" चा अर्थ इथून समजतो. मर्यादित असते ती बहुतेक वेळा त्या एका रंगाची आणि नंबरची बॅच. साचा तर कारखान्यात तसाच असतो. पुढच्या वर्षी जवळपास तसंच मॉडेल पुन्हा येऊ शकतं, आणि आलं की जुन्याची "दुर्मिळ" किंमत खाली येते. म्हणून मॉडेल आवडलं तर घ्या, पण पुढे भाव चढेल या आशेवर पैसे गुंतवू नका.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम होतो आणि भारतीय खरेदीदाराला तो जाणवतो. मिग-२१ हे एकच विमान नव्हतं. साठ वर्षांत त्याचं अंग बदलत गेलं. एफएल प्रकारात आत बसवलेली तोफ नव्हती, बिसमध्ये होती. पाठीवरचा उंचवटा, म्हणजे कॉकपिटमागून शेपटीकडे जाणारा भाग, एफएलमध्ये बारीक आणि बिसमध्ये जाड. नंतर बिस विमानं सुधारून बायसन केली गेली. तेव्हा रडार आणि क्षेपणास्त्रं बदललीच, शिवाय पुढची काचही बदलली. जुन्या बिसमध्ये पायलटसमोरची काच चौकटीत बसवलेल्या तुकड्यांची होती. बायसनमध्ये ती एकसंध, चौकट नसलेली आहे.

आता कंपनीकडे साचा जुन्या बिसचा आहे आणि त्यावर बायसनचा रंग आणि नंबर छापला, तर ते मॉडेल आकाराने एक विमान आणि कागदावर दुसरं. माप बरोबर, प्रमाण बरोबर, तरीही चूक. हे ओळखायला पुढच्या काचेचा एक क्लोजअप पुरतो.

सोबत हवाई दलाचं गोल चिन्हही तपासा. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. क्रम उलटा असेल तर बनवणाऱ्याने खऱ्या विमानाचा एक फोटोसुद्धा नीट बघितलेला नाही.

आणि नंबर. चांगल्या मॉडेलवरचा नंबर हा त्या ताफ्यातल्या एका ठरावीक विमानाचा असतो. ते विमान कुणीतरी उडवलंय, कुणीतरी रात्री जागून दुरुस्त केलंय. मिग-२१ च्या अपघातांत अनेक पायलट गेले हेही आपल्याला माहीत आहे. भेट म्हणून मॉडेल देताना समोरच्या माणसाचा स्क्वाड्रन आणि विमानाचा प्रकार आधी विचारून घ्या. एफएलवर आयुष्य काढलेल्या माणसाला बायसन दिलं तर तो हसून घेईल, पण पहिल्या सेकंदाला त्याला फरक कळलेला असेल.

फोटो का फसवतात, आणि तीच युक्ती आपण कशी वापरायची

लिस्टिंगचा फोटो बघून मॉडेल भलंमोठं वाटतं. यात जादू नाही. रनवेवर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंमीवर असतात. ७२ ने भागा: २.२ सेंमी. टेबलावरच्या मॉडेलकडे कॅमेऱ्याने २.२ सेंमी उंचीवरून बघितलं की आपल्या मेंदूला ते खरं विमान वाटतं.

म्हणून विक्रेत्याकडे असा फोटो मागा ज्यात मॉडेलशेजारी पट्टी ठेवलेली असेल. पट्टी नसेल तर मेट्रो कार्ड चालेल. सगळी अशी कार्डं ८.५६ सेंमी रुंद असतात, आणि १:७२ मिग-२१ चे पंख त्याहून थोडे मोठे, ९.९ सेंमी असायला हवेत. एटीएम कार्ड मात्र ठेवायला सांगू नका, त्यावरचा नंबर दिसतो.

मॉडेल घरी आलं की तुम्हीही असे फोटो काढू शकता:

- फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येईल आणि लेन्स टेबलाच्या जवळ जाईल.
- अगदी जवळ जाऊ नका. जवळून नाक स्पष्ट आणि शेपटी धूसर येते, आणि वस्तू लहान आहे हे लगेच कळतं. थोडं मागे या, फोटो काढा, मग क्रॉप करा.
- पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो अजून धूसर करतो.
- घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा गच्चीवरचं सकाळचं ऊन घ्या. सावलीची कड स्पष्ट येते.
- मागे लांबचं आकाश किंवा डोंगर असू द्या. मागे पाण्याची टाकी आली की खेळ संपला.

घरी आल्यावर: धूळ, पाऊस आणि जस्ताची कीड

जुन्या मॉडेलांचा एक रोग आहे, इंग्रजीत त्याला झिंक पेस्ट म्हणतात. पेस्ट म्हणजे कीड. नाव कीड असलं तरी यात जिवंत काही नाही. जस्तात शिशासारखी अशुद्धी मिसळली गेली की धातूच्या कणांच्या सीमांवर आतून गंज सुरू होतो. मॉडेल फुगतं, वाकतं, चिरा पडतात आणि शेवटी भुगा होतो. १९३० च्या दशकातल्या डिंकी टॉइजच्या विमानांमध्ये हे खूप दिसतं. पंख आपोआप गळून पडतात.

यावर औषध नाही. एका मॉडेलचा रोग दुसऱ्याला लागत नाही, पण लागलेला बरा होत नाही. म्हणून झॅमॅकसाठी अतिशय शुद्ध जस्त वापरावं लागतं. शिशाची मर्यादा असते १०० किलोमागे ५ ग्रॅमच्या आसपास. कारखान्यात कुणी पैसे वाचवायला भंगार जस्त मिसळलं तर पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. काही वर्षांनी दिसतं.

अशुद्धी आपल्या हातात नाही, ओलावा आहे. दमट हवेत हा गंज वेगाने वाढतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहत असाल तर मॉडेल बंद काचेच्या पेटीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. खिडकीजवळ उन्हात ठेवू नका, रंग उडतो. धूळ मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने पुसू नका. उचलताना पोटाखाली धरा. मिग-२१ ची ती नाकातली नळी सगळ्यात आधी वाकते.

सेकंड-हँड घेताना पंखांच्या मुळाशी आणि चाकांच्या जोडाशी बारीक चिरा, फुगलेला रंग किंवा पांढरी भुकटी दिसते का ते बघा. दिसली तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा.

बॉक्सवर "१४+" का लिहिलेलं असतं?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क बंधनकारक आहे. कलेक्शनची मॉडेलं मोठ्यांसाठी असतात, त्यांना टोकदार भाग आणि सुटे होणारे बारीक तुकडे असतात. म्हणून त्यांच्यावर १४+ असं लिहितात. हा आकडा मनावर घ्या. घरात लहान भावंड असेल तर मॉडेल वरच्या कप्प्यात जाऊ द्या. त्याच्या भल्यासाठी आणि मॉडेलच्याही.

"बाय नाऊ" दाबण्याआधी

- पंखांची रुंदी सेंमीमध्ये विचारा. खऱ्या मापाला भागून स्केल काढा.
- वरून काढलेला फोटो घ्या आणि लांबी-रुंदीचं प्रमाण बघा. मिग-२१ साठी सुमारे २.
- पट्टी किंवा कार्ड शेजारी ठेवलेला, त्याच पीसचा फोटो मागा.
- पुढची काच, पाठीचा उंचवटा, गोल चिन्ह आणि नंबर झूम करून बघा.
- परदेशातून मागवत असाल तर ड्यूटी, कर आणि कुरियरचा खर्च धरून एकूण किंमत काढा, मग ठरवा.
- वजनाचं कौतुक करणारे रिव्ह्यू वाचा आणि सोडून द्या.

विक्रेता पंखांची रुंदी सांगायलाच तयार नसेल तर तिथेच थांबा. पट्टी लावून मोजायला अर्धं मिनिट लागतं. ज्याच्याकडे वस्तू खरंच आहे, त्याला ते जड जात नाही.